उभी गाडीही झिजते

मे महिना संपत आला की कोकणातल्या गावांत लगबग सुरू होते. पडवीला झापं बांधली जातात, लाकूडफाटा आत येतो आणि सुट्टीला आलेली मंडळी मुंबईच्या, आखाती देशांच्या वाटेला लागतात. गेल्या काही वर्षांत या आवराआवरीत एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे अंगणातली मोटार. दोहा-कुवेतच्या कमाईतून घेतलेली ही गाडी वर्षातला महिना-दीड महिना पळते आणि बाकीचा काळ उभी असते. त्यातले चार महिने पावसाचे. थंड देशांत लोक बर्फाच्या भीतीने गाड्या झाकून ठेवतात. तिथे उतरलेल्या बॅटरीतले पाणी गोठते. आमच्या रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, शिवाय समुद्राचा खारा वारा. आमची भीती ओलीची.

मंडळी, मी कविता लिहिणारा माणूस. पण गावातल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, आणि घराच्या किल्लीबरोबर गाडीचीही येते. त्यामुळे हे शास्त्र मला मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून शिकावे लागले.

गाडी ठेवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा. घरात मागे कोणी राहणार आहे का?

माझी थोरली बहीण आणि तिचे मालक, दोघेही सत्तरीपुढचे, खाडीकाठी राहतात. तालुक्याचा दवाखाना अठरा किलोमीटर. भाच्याने गाडी घेतली ती याच काळजीपोटी. परत जाताना त्याने ती छान धुतली, प्लॅस्टिकचे आवरण घातले आणि किल्ली आईच्या हाती दिली. जुलैतल्या एका रात्री दुलाभाईंच्या छातीत कळ आली. शेजारचा मुलगा धावत आला, किल्ली फिरवली, तर नुसता ‘टक’ आवाज. पुढच्या वाडीतला रिक्षावाला उठून आला आणि वेळेवर पोचवले, म्हणून आज हे मोकळेपणी सांगतो आहे.

ज्या घरात म्हातारी माणसे आहेत तिथली गाडी झाकून ठेवायचीच नाही. वाडीतल्या एखाद्या भरवशाच्या ड्रायव्हरला महिन्याचे पैसे ठरवून द्यावेत आणि दर आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवायला सांगावी. बाजारहाट करून आणला तरी चालेल. रात्री-अपरात्री हाक मारायची तर त्यालाच, कारण गाडीची नाडी त्याला ठाऊक असते.

याउलट ‘रोज पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवा’ हा सल्ला मला पटत नाही. इंजिन सुरू होताना बॅटरीतून मोठा प्रवाह खेचला जातो. पाच मिनिटांच्या घरघरीत तो भरून येत नाही. जळणाऱ्या पेट्रोलमधून पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरेसे तापले तर ती उडून जाते, नाही तर सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन राहते. म्हणजे गाडी जपण्याच्या नावाखाली आपण आतून गंज पेरतो. चालवायची तर नीट चालवावी, नाही तर तिला खुशाल झोपू द्यावे.

घराला कुलूपच लागणार असेल, तर झोपवण्याची रीत आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल साचलेली असते, म्हणून ऑइल जाताना बदलावे. आल्यावर बदलू, असे म्हणू नये. पेट्रोलची टाकी भरून ठेवावी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल असते आणि ते ओल शोषते. पाणी फार झाले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते. भरलेल्या टाकीत दमट हवेला जागाच कमी उरते. बॅटरीची ऋण बाजूची वायर आधी सोडवावी. येऊन जोडताना ती शेवटी जोडावी. मग रिमोट चालत नाही, दार किल्लीने उघडावे लागते, एवढे लक्षात असू द्या. बॅटरी घरात ठेवून कोणी महिन्याकाठी चार्ज करणारा असेल तर फारच उत्तम.

हँडब्रेक ओढून ठेवू नये. दमट हवेत ब्रेक आतल्या आत चिकटतात आणि मग चाक हलत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढे-मागे दगड लावावेत. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-सात पौंड हवा जास्त भरावी, नाही तर टेकलेल्या जागी टायर चपटा होतो.

प्लॅस्टिकचे आवरण मात्र नकोच. त्याच्या आत जमिनीची ओल कोंडते आणि सीटवर पांढरी बुरशी चढते. वरून पत्रा आणि बाजूंनी वारा, अशी शेड सर्वांत चांगली. झाकायचेच तर हवा खेळेल असे कापड घ्यावे. नारळाखाली किंवा जुन्या आंब्याखाली गाडी लावू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे झाडे कशी आडवी झाली ते आपण पाहिले. नदीकाठी असाल तर उंचवटा शोधा. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात गाड्या पाण्याखाली गेल्या. म्हणूनच गाडी उभी आहे म्हणून विमा संपू देऊ नये. मुदत संपून नव्वद दिवस उलटले की दावा न केल्याची सवलतही जाते.

उरला उंदीर. त्याला बॉनेटखालची ऊब, अंधार आणि वायरींचे वेष्टण फार आवडते. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पुडी, सगळे प्रयोग आमच्याकडे होतात. वास उडाला की उंदीर परत येतो, हे माझे निरीक्षण. त्यापेक्षा गाडीत बिस्किटाचा कणही ठेवू नये आणि जवळ भात, पेंढा, सुकी पाने साठवू नयेत. उंदरामागे साप येतो, हे कोकणात सांगायला नको. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशी मातीचे घर करते, तिथे चिंधी कोंबावी. चिंधी लाल असावी आणि तिचा लांब शेव बाहेर लोंबता ठेवावा, म्हणजे परतल्यावर विसर पडत नाही.

आल्यावर घाई नको. आधी बॉनेट उघडून काठीने घरटी हुसकावा, वायरी पाहा, चिंधी काढा, मगच बॅटरी जोडा. पुराचे पाणी लागले असेल तर किल्लीला हातच लावू नका, मेकॅनिकला बोलवा. ब्रेक अंगणातच दोनदा दाबून पाहा. चकतीवरचा तांबडा गंज खरखरेल आणि चार-सहा ब्रेकमध्ये निघून जाईल. आवाज तरीही राहिला तर दुरुस्तीशिवाय रस्त्यावर नेऊ नका. पहिला फेरा पंपापर्यंतच मारा, टायरची हवा पुन्हा नेहमीइतकी करून घ्यायला.