मिसूरीनं गिळलेलं दुकान

१ एप्रिल १८६५. अमेरिकेतल्या माँटानाच्या सोन्याच्या खाणींकडे निघालेली ‘बर्ट्रांड’ ही वाफेची बोट मिसूरी नदीत बुडालेल्या ओंडक्यावर आपटली आणि काही मिनिटांत तळाला गेली. माणसं वाचली, माल बुडाला.

नदीनं नंतर पात्रच बदललं. १९६८ मध्ये दोन शोधकांना बोट सापडली ती जमिनीखाली, गाळात! त्यांना हवा होता पारा, व्हिस्की आणि सोनं. त्यातलं फारसं हाती लागलं नाही. निघाला तो वाणसामान, कपडे, बूट आणि अवजारांचा ढीग. ब्रँडीत मुरवलेल्या चेरी, लोणच्याच्या बाटल्यासुद्धा! गाळात हवा न पोचल्यानं सगळं टिकलं. खरं सांगायचं तर सोन्यापेक्षा हीच लूट मोलाची.

जागा सरकारी अभयारण्याची, म्हणून वस्तू विकल्या गेल्या नाहीत. दोन लाखांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह आज आयोवातल्या डिसोटो वन्यजीव अभयारण्याच्या केंद्रात आहे. शेजारचं तळं म्हणजे मिसूरीचंच तोडलेलं वळण.

२०११ च्या महापुरात मात्र हा सगळा संग्रह बांधून दुसरीकडे हलवावा लागला. मिसूरीपासूनच वाचवायला!