मनाचे दुखणे : कोणाकडे जावे?

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आपल्या जिल्ह्यातील उमरगा भागात घरे पडली, तशी मनेही खचली. पुढे शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ साली शासनाने 'प्रेरणा प्रकल्प' आखला. त्यात आपला जिल्हाही होता. तरीही मन खचल्यावर कोणाकडे जावे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

समुपदेशन मानसशास्त्रज्ञ हा मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेला असतो. परीक्षेची भीती, कर्जाची काळजी, घरातील कलह अशा वेळी तो ऐकून घेतो व आपला मार्ग आपल्यालाच शोधण्यास मदत करतो. सायकोथेरपिस्ट हा खोलवर रुजलेली भीती, निराशा, जुने आघात यांवर ठरावीक पद्धतीने, अनेक बैठका घेऊन संवादातून उपचार करतो. दोघांची कामे पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. औषधे मात्र यांनी द्यायची नसतात. ते काम एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्र शिकलेल्या डॉक्टरांचे. आपण त्यांनाच 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

विद्यार्थी मित्रांनो, समोरच्याचे शिक्षण व नोंदणी विचारण्यात संकोच नको. जीव नकोसा वाटला तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक अहोरात्र चालू असतो. ताप आला की आपण दवाखाना गाठतो. मनाच्या तापाला लाज कशाची?