मातीचे धरण आजारी आहे, हे कसे ओळखावे?

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोयना किंवा भाक्रा उभे राहते. पण जगातली बहुसंख्य धरणे अशी नसतात. ती लहान, मातीची आणि कुठल्या तरी ओढ्यावर बांधलेली असतात. अमेरिकेत तर निम्म्याहून अधिक धरणे खाजगी मालकीची आहेत. कुणा शेतकऱ्याचे, कुणा गिरणीचे, कुणा शाळेचे. अशाच एका धरणाची गोष्ट आपण पाहू आणि तिच्या आधाराने मातीचे धरण कसे टिकते व कसे फुटते, हे समजून घेऊ.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टोकोआ नावाचे गाव आहे. तिथल्या ओढ्यावर १८९९ साली लाकडी चौकटीत दगड भरून एक बांध घातला गेला. खालच्या अंगाला असलेल्या बायबल कॉलेजने पुढे विजेसाठी त्यावरच मातीचा भराव घातला आणि तो टप्प्याटप्प्याने उंच केला. हे केली बार्न्स धरण. उंची सुमारे साडेअकरा मीटर, लांबी सुमारे १२० मीटर. १९५७ साली वीजनिर्मिती थांबली. तलाव राहिला, पण तो आता केवळ विहारापुरता होता. मालकाला धरणाची गरज उरली नाही, म्हणजे रोज त्याच्याकडे पाहण्याचे कारणही उरले नाही.

१९७७ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे काही दिवस पाऊस पडत होता. ५ तारखेच्या संध्याकाळी त्याचा जोर वाढला आणि ६ नोव्हेंबरच्या पहाटे दीडच्या सुमारास धरण फुटले. खाली कॉलेजच्या आवारात लोक झोपेत होते. ३९ माणसे मरण पावली.

तलावात पाणी होते सुमारे पावणेआठ लाख घनमीटर. मोठ्या धरणांच्या मानाने हे काहीच नाही. पण एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते, हे लक्षात घ्या. पुराचा सर्वाधिक प्रवाह सेकंदाला सुमारे ६८० घनमीटर होता, असा अंदाज आहे. विद्यार्थ्यांना भागाकार करायला सांगा. त्याच वेगाने पाणी वाहिले तर अख्खा तलाव वीस मिनिटांच्या आत रिकामा होतो.

मातीतून पाणी जातेच

मातीचे धरण पाणी पूर्णपणे अडवते, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात आणि त्यांतून पाणी सावकाश पाझरत राहते. भरावाचा उभा छेद घेतला, तर तलावाच्या बाजूने खालच्या अंगाकडे उतरत जाणारी एक रेषा दिसेल. तिच्या खालची माती पाण्याने भरलेली, वरची त्या मानाने कोरडी. हिला आपण पाझर रेषा म्हणू. धरण निरोगी आहे की आजारी, हे बरेचसे या रेषेवर ठरते.

मातीचा उतार उभा राहतो तो कणांमधल्या घर्षणामुळे. कण एकमेकांवर जितके घट्ट दाबले जातात, तितके घर्षण जास्त. पोकळ्यांत दाबाखालचे पाणी शिरले की वरच्या वजनाचा काही भाग ते पाणी उचलते. कणांवरचा दाब कमी होतो, घर्षणही कमी होते आणि उतार घसरतो. आषाढात शेताचा बांध ढासळतो तो यामुळेच. म्हणून धरणाचा उतार पसरट ठेवतात, एक मीटर उंचीला दोन-अडीच मीटर पाया. पाझर रेषा खालच्या उतारावर उघडी पडू नये म्हणून पायथ्याशी वाळू-खडीचे गाळणी थर देतात. त्यांतून पाणी निघून जाते, पण मातीचा कण मागे राहतो.

कण मागे राहिला नाही तर? पाण्याबरोबर एकेक कण बाहेर पडतो. खालच्या टोकाला छोटे भोक पडते आणि ते मागे मागे, तलावाच्या दिशेने पोखरत जाते. वरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नाही. मग एके दिवशी ही नळी तलावाला जाऊन भिडते.

केली बार्न्स धरणाचा खालचा उतार जवळजवळ ४५ अंशांचा, म्हणजे फारच उभा होता. त्यावर झाडे वाढलेली होती. तपास समितीला एकच एक कारण सांगता आले नाही. उभ्या उताराचा काही भाग घसरला असावा, त्याला आतल्या पोखरण्याची जोड मिळाली असावी, आणि माथा खचल्यावर पाण्याने उरलेला भराव कापून नेला असावा, असा निष्कर्ष तिने काढला.

वर्गात करून पाहा

एका लांबट ट्रेमध्ये ओलसर मातीचा वीतभर उंचीचा बांध घाला. एका बाजूला हळूहळू पाणी भरा, पण माथ्यापर्यंत नको. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूच्या पायथ्याशी ओल दिसेल आणि माती तळाकडून ढासळू लागेल. आता दुसरा बांध घाला आणि त्याच्या पायथ्याशी आधी वाळूचा व बाहेर खडीचा थर द्या. काय फरक पडतो? तिसऱ्या बांधातून एक नळी आरपार घाला, पण तिचे तोंड बंद ठेवा. पाणी बहुधा नळीच्या बाहेरच्या अंगाला लागून वाट काढेल. धरणाच्या पोटातले जुने, बंद पडलेले नळ का धोक्याचे, हे यावरून कळते. शेवटी एका बांधाच्या माथ्याला बोटभर खाच पाडून त्यावरून पाणी जाऊ द्या. ती किती वेगाने रुंदावते, ते घड्याळ लावून मोजा. सांडवा गाळाने किंवा झुडपांनी बुजला आणि पाणी माथ्यावरून वाहू लागले, तर हेच घडते.

आपल्याकडे काय?

टोकोआच्या दुर्घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी खाली वस्ती असलेल्या बिगरसरकारी धरणांच्या तपासणीचा आदेश दिला. तसा कायदा १९७२ सालीच झाला होता, पण त्यासाठी पैसा दिला गेला नव्हता. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणे तपासली गेली. त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित निघाली, आणि सांडवा अपुरा असणे हा त्यांतला सर्वांत मोठा दोष होता.

आपल्याकडे २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणाला लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान दहा लाख घनमीटर, यांसारखी एखादी अट लागू व्हावी लागते. केली बार्न्सची मापे पुन्हा पाहा. या मापांनी ते धरण कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले असते. धोका मात्र धरणाच्या उंचीवर ठरत नाही, त्याच्याखाली कोण राहते यावर ठरतो.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि भेंदवाडीतल्या वीसच्या आसपास लोकांचे प्राण गेले. ते धरण सरकारी होते, पण जातकुळी तीच. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रार केली होती. खेकड्यांनी धरण पोखरले, असे तेव्हा एक मंत्री म्हणाले आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. प्राण्यांच्या बिळांमुळे पाझराची वाट आखूड होते, हे खरेच आहे. पण बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. ते वेळेवर कुणी पाहिले का, हा खरा प्रश्न.

पाहायचे काय? पायथ्याशी पाझरणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ? गढूळ पाणी म्हणजे माती वाहून जात आहे. पाझर गेल्या वर्षीपेक्षा वाढला का? माथ्यावर लांबच लांब भेग किंवा खळगा आहे का? उताराचा एखादा भाग फुगला किंवा घसरला आहे का? उतारावर एकाच जागी हिरवेगार गवत का दिसते? सांडवा मोकळा आहे का? यासाठी एक वही आणि वर्षातून दोन फेऱ्या पुरेत. विद्यार्थ्यांना मात्र कोरड्या दिवसांत आणि मालकाच्या परवानगीनेच न्यावे, भर पावसात कधीही नाही.

केली बार्न्स धरणाचे १९७३ साली काढलेले एक छायाचित्र तपासणाऱ्यांना मिळाले. त्यात खालच्या उताराचा एक भाग घसरलेला स्पष्ट दिसतो. म्हणजे धरण फुटण्याच्या चार वर्षे आधी कुणीतरी तिथे उभे होते, समोर पाहत होते, आणि त्याने फोटोही काढला होता. आपण काय पाहत आहोत, एवढेच त्याला कुणी शिकवलेले नसावे.