साष्टींतील ख्रिस्ती विद्यालयें व विद्यार्थ्यांची लोकसेवा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीं अभ्यासाबरोबर लोकसेवाहि करावी, ही कल्पना इ. स. १९६९ च्या राष्ट्रीय सेवा योजनेपासून निघाली, असा सामान्यतः समज आहे. तो अपुरा आहे. मुंबईचीं उपनगरें, म्हणजे बहुतांशीं जुनें साष्टी बेट, व त्यांस लागून असलेली मुंबई यांचा इतिहास पाहतां या कल्पनेचे पूर्वींचे तीन टप्पे दिसतात. आणि तीनहि ठिकाणीं ख्रिस्ती संस्थांचा संबंध येतो. त्यांचें थोडक्यांत विवरण करून संग्राहक मित्रांस एक विनंती करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला टप्पा बोरिवलीजवळील मंडपेश्वराचा. येथील शैव लेणें सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या हातीं गेलें. त्यांपैकीं आंतोनियु दु पोर्तु यानें लेण्याचें प्रार्थनामंदिर केलें. वरच्या अंगास मठ उभा राहिला व नवख्रिस्ती मुलांकरितां विद्यालय निघालें. पोर्तुगीज राजसत्तेचा त्यास आश्रय होता. १७३७ त साष्टी व १७३९ त वसई मराठ्यांनीं घेतली, आणि हें स्थान उजाड झालें. भग्न भिंती अद्यापि उभ्या आहेत. खालीं लेण्यांत शिवपूजा चालते. येथें एक भेद ध्यानीं धरिला पाहिजे. या विद्यालयांत सेवा करणारा पाद्री होता, विद्यार्थी ती घेणारा होता. आणि ती सेवा धर्मांतराच्या कार्यापासून वेगळी नव्हती.

सेवा हा शिक्षणाचाच भाग, ही दृष्टि जेज्वीट संघाच्या नियमांत आढळते. इग्नेशियस लोयोला याच्या घटनेप्रमाणें नवशिष्यास एक महिना रुग्णालयांत रोग्यांची शुश्रूषा करावी लागे. तिची गणना दानधर्मांत नव्हे, तर शिष्याच्या कसोट्यांत होई. हा नियम संघांत प्रवेश करणारांपुरता होता. १८६९ त याच संघानें मुंबईंत स्थापिलेल्या सेंट झेविअर महाविद्यालयाच्या सर्वसाधारण विद्यार्थ्यांस तो लागू नव्हता. तरी सेवेनें प्रथम सेवकाची पारख होते, हें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे.

तिसरा टप्पा विसाव्या शतकाचा. १९११ त ना. म. जोशी यांनीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग काढली. पुढें अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनीं नागपाड्याच्या वस्तींतच सेवाकेंद्र चालविलें. त्या अनुभवाच्या आधारें १९३६ त सर दोराबजी टाटा यांच्या नांवाची समाजकार्याची शाळा निघाली. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. १९४४ त तिला टाटा समाजविज्ञान संस्था हें नांव मिळालें. मध्यंतरीं ती अंधेरीस होती व १९५४ त देवनारास स्थिरावली. ती ख्रिस्ती महाविद्यालय नव्हे. परंतु तिचें मूळ मिशनच्या वस्तीकार्यांत आहे. १९५५ त ख्रिस्ती भगिनीसंघानें मुंबईंत काढलेलें निर्मला निकेतन समाजकार्याचेंच महाविद्यालय होय. अशा संस्थांत विद्यार्थ्यानें वस्तींत जावें, पाहिलें व केलें तें लिहून काढावें आणि शिक्षकानें तें तपासावें, अशी पद्धत रुळली. सेवेस लेखाची जोड मिळाली ती येथें.

सर्वसाधारण महाविद्यालयांत सेवेचा प्रवेश सावकाश झाला. १९५९ त चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें राष्ट्रीय सेवेचा विचार केला. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें तिचा पुरस्कार केला. आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांत सुमारें ४०,००० विद्यार्थ्यांनिशीं योजना सुरू झाली. स्वयंसेवकानें वर्षास १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास, काम करावें, सात दिवसांच्या शिबिरास जावें व आपल्या कामाची रोजनिशी ठेवावी, असा तिचा क्रम आहे.

आतां विनंती. मोडी लिपींतील एखाद्या फाटक्या तुमाराकरितां आम्ही दहा गांवें पालथीं घालतों. परंतु विद्यार्थ्यांच्या या रोजनिशा, शिबिरांचे वृत्तांत व वस्तीचीं टिपणें यांस कोणी कागदपत्र मानीत नाहीं. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, कपाट रिकामें करावें लागतें, आणि गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूंत पडतो. सरकारी दप्तर काय ठरलें तें सांगतें. पाड्यावर पाणी किती लांबून येई, चाळींत कोण कोणत्या गांवचे राहत, शाळेंत कोण येत नसे, हें बहुधा अशा टिपणांतच सांपडावयाचें. आरे वसाहतींतील पाडे, मरोळ, गोराई यांचें रूप एका पिढींत पालटलें; तें जुनें रूप पाहून लिहिणारे थोडे.

अर्थात् हा पुरावा निर्दोष नव्हे. गुणांसाठीं लिहिणारा विद्यार्थी आपलें काम फुगवून सांगेल, उपकाराच्या भाषेंत बोलेल. मंडपेश्वराचा पाद्रीहि तसेंच बोलला असेल. म्हणून एकाच वस्तीचीं दोन वर्षांचीं टिपणें ताडून पाहावीं, आणि मूळ लेखाइतकेंच शिक्षकाचे शेरे जपावे. गठ्ठा मिळाल्यास तो फोडूं नये; वर्ष, वस्ती व महाविद्यालय त्यावर लिहावें. ज्या कुटुंबांचीं नांवें व अडचणी त्यांत आल्या असतील, त्यांचीं नांवें मात्र छापूं नयेत. ते लोक किंवा त्यांचीं मुलें आज आपल्याच शेजारीं राहत आहेत.