गोडादऱ्याहून मालवणच्या प्रवाळांकडे

दिवाळीची सुट्टी जवळ येऊ लागली की सुरतेतील आपल्या वस्त्यांतून, विशेषतः गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांतून, सहलींचे बेत शिजू लागतात. पूर्वी हे बेत बहुधा गावाकडचेच असत. उधन्याहून गाडी धरावी, नंदुरबार, अमळनेर किंवा जळगाव गाठावे आणि जमल्यास वणीच्या देवीचे दर्शन उरकून यावे, एवढ्यावर सुट्टी संपे. अलीकडे मात्र सोसायटीतील दहा-बारा कुटुंबांनी मिळून समुद्रकिनारी जावे, आणि नुसते वाळूत बसून न परतता पाण्याखालचे जग पाहून यावे, अशी टूम निघू लागली आहे. तरुण मंडळी ‘स्नॉर्केलिंग’ हा शब्द मोठ्या उत्साहाने उच्चारतात, वडीलधारी मंडळी तो दोनदा विचारून घेतात, आणि एखादी आजी हळूच म्हणते, ‘पण ज्याला पोहता येत नाही, त्याचं काय?’ सर्व चर्चेत हाच प्रश्न खरा महत्त्वाचा असतो, आणि बहुधा त्याचेच उत्तर कोणी देत नाही.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा आणि तोंडात धरावयाची सुमारे हातभर लांबीची नळी, एवढीच त्याची सामग्री. पालथे पडून पाण्यावर तरंगावयाचे, चेहरा पाण्यात ठेवावयाचा आणि नळीवाटे तोंडाने श्वास घेत खालचा तळ न्याहाळावयाचा. उघड्या डोळ्यांनी पाण्यात सारे अंधुक दिसते, कारण डोळ्याची रचना हवेसाठी झालेली आहे. मुखवट्यामुळे डोळ्यापुढे हवेची पोकळी राहते आणि दृश्य स्पष्ट होते. मात्र वस्तू आहे त्याहून जवळ आणि मोठी भासते. किनाऱ्यावर परतल्यावर सांगितलेल्या माशांच्या आकारांतून थोडी वजावट करावी ती यासाठी. नळी आणखी लांब करून खोल जावे असे मुलांना वाटते. पण एक मीटर खोलीवरच पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या दशांशाने वाढतो. त्या दाबाविरुद्ध छाती फुगविणे अवघड होते, शिवाय लांब नळीत आपलाच उच्छ्वास साठून पुन्हा आत येतो. म्हणून नळी आखूड असते आणि माणूस पृष्ठभागावरच राहतो.

दाराशी समुद्र असताना इतके दूर कशाला, असे कोणी विचारील. परंतु डुमसचा समुद्र या कामाचा नाही. तापी, नर्मदा, मही, साबरमती यांचा गाळ खंभातच्या आखातात येतो, आणि तेथील भरती-ओहोटी देशातील सर्वांत मोठ्यांपैकी असल्यामुळे तो गाळ खाली बसतच नाही. अंदमान-लक्षद्वीपचे पाणी फार निर्मळ खरे; पण विमानभाडे आणि लक्षद्वीपचा प्रवेश-परवाना यांचा विषय निघाला की दहांतील सात कुटुंबे गळतात. उरते ते मालवण.

मालवणशी सुरतेचे नाते जुने आहे. सन १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला. सुरतेहून नेलेले द्रव्य या किल्ल्यास लागले, असे परंपरेने सांगतात. सुरतकर मराठी माणसाने तो तट पाहावयास जाण्यात म्हणूनच एक वेगळी गंमत आहे. याच किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळांची वस्ती आहे. १९८७ मध्ये येथील २९.१२ चौरस किलोमीटरचा प्रदेश सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. आपली मासेमारी बुडेल या धास्तीने स्थानिक कोळीबांधवांनी त्यास विरोध केला, आणि त्यांची धास्ती अनाठायी होती असे म्हणवत नाही. पुढे त्यांच्यातीलच अनेक तरुण पर्यटकांना पाण्याखालचे जग दाखविण्याच्या व्यवसायात आले. आज आपला हात धरून पाण्यात नेणारा वाटाड्या बहुधा अशाच घरातील असतो.

आता तिथीचा विचार, कारण सारा बेत जुळतो किंवा फसतो तो येथेच. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत पावसाळ्यामुळे हा व्यवसाय बंद असतो. नंतर पाणी हळूहळू निवळते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दिवाळी या दृष्टीने सोयीची खरी, पण लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, आणि अमावास्येच्या मागे-पुढे समुद्राला उधाण असते. पाण्याची ये-जा जोराची होते, तळाची वाळू ढवळते आणि दिसावयाचे तेच दिसत नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी कमी चढते, कमी उतरते, ओढही मंद राहते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, दशमीला साडेसातला. सकाळी वारा पडलेला असतो, दुपारनंतर तो समुद्रावरून वाहू लागतो. तेव्हा सकाळची शांतता आणि भरलेले पाणी या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील, तर कार्तिक शुद्ध अष्टमी ते दशमी हे दिवस साधावेत. हा हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ तेथील नावाडीच सांगेल.

परंतु आपल्यापैकी ज्यांची कापडबाजारात दुकाने आहेत किंवा जे तेथे नोकरीस आहेत, त्यांना लाभपंचमीला मुहूर्तासाठी हजर राहावे लागते. मुलांची सुट्टी तीन आठवड्यांची, वडिलांची पाच दिवसांची, अशी ही ओढाताण आहे. माझे मत असे की अशा कुटुंबांनी भाऊबीजेच्या घाईगर्दीत मालवण उरकण्यापेक्षा नाताळच्या सुट्टीत पंचांग पाहून जावे. कोकण रेल्वेने जाणाऱ्या गुजरातच्या गाड्या सुरतेस थांबतात; मात्र प्रत्येकीला कुडाळ किंवा कणकवलीचा थांबा असतोच असे नाही, हे तपासून घ्यावे. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. वीस-पंचवीस जणांचा गट असेल तर त्या दिवसापूर्वीच नावांची यादी पक्की झालेली हवी.

ही यादी करताना मात्र दोन रकाने आखावेत : सहलीस येणारे आणि पाण्यात उतरणारे. पैसे सारखे भरले म्हणून सर्वांनी पाण्यात उतरलेच पाहिजे, हा आग्रह घातक आहे. आपण खानदेशची माणसे. आपल्या आजोबांच्या पिढीने पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहणे शिकून घेतले होते. विहिरीच्या पाण्याला लाट नसते, ओढ नसते आणि चार हातांवर काठ असतो. विहिरीत सूर मारणारा गडीही समुद्रात गोंधळतो. आजच्या मुलांना तर विहीरही ठाऊक नाही. सुरत महानगरपालिकेचे तरणतलाव आहेत. महिनाभर आधी तेथे जाऊन पाण्यात चेहरा बुडवून तोंडाने श्वास घेण्याचा सराव केला, तर निम्मी भीती तेथेच संपते. नवख्याची चूक ठरलेली असते : नळीत थोडे पाणी शिरले की तो घाबरून उभा राहू पाहतो आणि मुखवटा ओढून काढतो. जोराने फुंकर मारून पाणी बाहेर टाकावयाचे असते. ही गोष्ट छातीभर पाण्यात शिकावी, पुरुषभर पाण्यात नव्हे.

पोहता न येणाऱ्यांना मालवणला तरंगते कडे व जीवरक्षक जाकीट देऊन नेतात, आणि असे अनेकजण आनंदाने जाऊन येतात. तेव्हा आजींच्या प्रश्नाचे उत्तर ‘जाता येते’ असेच आहे. पण दमा, हृदयविकार, अनावर रक्तदाब, अपस्मार असलेल्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून जाऊ नये. पाण्यात बुडण्याचे भय आपणांस मुलांबद्दल वाटते. प्रत्यक्षात हवाई बेटांवर स्नॉर्केलिंग करताना दगावलेल्या पर्यटकांत मध्यमवयीन पुरुषांची संख्या लक्षणीय आढळली आहे. ‘मला काही होत नाही’ म्हणणारा पन्नाशीचा गृहस्थ हीच खरी काळजीची बाब. आणि गुजरातची हद्द ओलांडताच काही मंडळींना जी तहान लागते, ती निदान पाण्यातून बाहेर येईपर्यंत तरी आवरलेली बरी.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पाण्याखालचे जग पाहून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. ही दुर्घटना पाण्याखाली नव्हे, किनाऱ्याकडे परतताना झाली, हे विसरू नये. म्हणून भाव ठरविताना दहा-वीस रुपयांची घासाघीस करण्यापेक्षा चार गोष्टी विचाराव्यात. नौकेला परवाना आहे काय, किती माणसांचा आहे, तितकी जाकिटे आहेत काय, आणि ती परतेपर्यंत अंगावर राहतील काय? गटाच्या दोन-तीन तुकड्या कराव्यात. पाण्यात प्रत्येकाला एक जोडीदार असावा आणि नौकेत एका शहाण्या माणसाने केवळ डोकी मोजण्याचे काम करावे. हे काम कोणालाच नको असते. ते आळीपाळीने वाटून घ्यावे.

पोशाखाविषयी भगिनींना संकोच वाटतो. त्याचे कारण नाही. अंगासरशी बसणारा, पूर्ण बाह्यांचा पोशाख हाच येथे सर्वांत योग्य, कारण पालथे तरंगताना पाठ उन्हाने भाजून निघते. ओढणी किंवा साडी मात्र नको. ती पायांत गुंतते. सुती कापड पाणी पिऊन जड होते, तर ज्या कृत्रिम धाग्यावर आपली सुरत उभी आहे तो हलका राहतो आणि लवकर सुकतो. मिशीवाल्यांच्या मुखवट्यात पाणी झिरपते. ओठावर थोडे व्हॅसलीन लावावे. चष्मेवाल्यांनी नंबरी काचेचा मुखवटा मिळतो काय, हे आधी विचारावे. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून ती विसळतात. हे ऐकून घरात जी नाके मुरडली जातील, ती पाण्यात गेल्यावर सरळ होतील.

खाली दिसतात ते पट्ट्यापट्ट्यांचे मासे, खडकाच्या फटीतून डोकावणारे खेकडे, काळ्या काट्यांचे समुद्री साळू, आणि प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. सूक्ष्म जीवांच्या वसाहतीने चुन्याचे घर बांधलेले असते आणि ते वर्षाला अगदी थोडे वाढते. त्यावर पाय ठेवला की आधाराला खडक मिळाला असे आपल्याला वाटते, आणि कित्येक वर्षांचे बांधकाम मोडते. मासे गोळा व्हावेत म्हणून पाव टाकण्याची चाल काही ठिकाणी आहे. आपल्या गटापुरते तरी ते नको म्हणून सांगावे. काही उन्हरोधक मलमांतील द्रव्ये प्रवाळांस अपायकारक ठरल्याने पलाऊ या देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून त्यांवर निर्बंध घातले. पूर्ण बाह्यांचा पोशाख असला की मलमाची गरजही फारशी उरत नाही.

पाण्यात न उतरणाऱ्यांनी किनाऱ्यावर पिशव्या सांभाळत बसू नये. त्यांच्यासाठी किल्ला आहे. आत राजाराम महाराजांनी बांधविलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत. पाण्यातली मंडळी परतेपर्यंत ही मंडळी तटावरून फिरून येऊ शकतात.

आणि ज्यांना लाभपंचमीपूर्वी परतावयाचेच आहे, किंवा पाण्यात पडण्याचे धाडस कोणालाच नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. जामनगरजवळच्या कच्छच्या आखातात देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान असे ते घोषित झाले. तेथील नरारा येथे ओहोटीच्या वेळी समुद्र मागे हटतो आणि घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालत प्रवाळ, समुद्रफुले, फुगणारा मासा आणि दैव असेल तर अष्टपादही पाहता येतो. वनखात्याची परवानगी आणि सोबत वाटाड्या हवा. जाड तळव्याचे बूट हवेत. मालवणला नको असणारे उधाण येथे उपयोगी पडते, कारण मोठ्या भरतीमागून ओहोटीही तितकीच दूरवर जाते. पाडवा-भाऊबीजेच्या दिवसांत तळ अधिक उघडा पडतो. सुरतेहून रात्री सौराष्ट्र मेलने निघाले की दुसऱ्या दिवशी जामनगर येते, आणि तेथून नरारा सुमारे साठ किलोमीटर. ओहोटीची वेळ वाटाड्याकडून आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. पाणी परत फिरू लागले की तो जेथे असाल तेथून निघावयास सांगतो, आणि तेव्हा आणखी एका छायाचित्रासाठी त्याच्याशी हुज्जत घालू नये.