समुपदेशकाची पाटी

स्वतःचं समुपदेशन केंद्र काढताना भाडं, फर्निचर यांच्याआधी नोंदणीचा प्रश्न येतो. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी; या परिषदेचा कायदा १९९२ चा. नुसतं मानसशास्त्रातलं एम.ए. त्याला पुरत नाही.

मग जागा. भर बाजारपेठेत गाळा मिळाला म्हणून हुरळून जाऊ नये. लहान गावात ओळखीचं कुणी बघेल या धास्तीने माणूस जिन्याखालूनच परत फिरतो. त्यापेक्षा दंतवैद्य, सीए, शिकवण्या असलेल्या इमारतीतला दुसरा मजला बरा. कोण कुणाकडे चाललंय, कळत नाही. दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवली की बाहेरच्या खुर्च्यांवर दोघे समोरासमोर येत नाहीत. आणि प्लायवूडचं पार्टिशन असेल तर आतलं बोलणं बाहेर ऐकू येतं का, ते आधी स्वतः बसून पाहावं.

जाहिरातीचं म्हणाल तर चौकातल्या फ्लेक्सपेक्षा फॅमिली डॉक्टरांच्या आणि मुख्याध्यापकांच्या ओळखी कामी येतात. ‘इथे येऊन बरे झालो’ छापाचे व्हिडिओ मात्र नकोतच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. शिवाय उपचार करणाऱ्यालाच नाही म्हणणं किती जणांना जमतं? फी मात्र पहिल्या फोनवरच सांगून टाकावी.