लेझर टेपला अंतर कळतं कसं?

मागच्या महिन्यात आमच्या नव्या फ्लॅटचं पझेशन मिळालं. करारात कार्पेट एरिया ४१२ चौरस फूट. बाबांनी स्टीलची टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि हॉल तीनदा मोजल्यावर तीन वेगळे आकडे आले. मध्ये झोळ पडतो ना. शेवटी शेजारच्या फ्लॅटमध्ये काम करणाऱ्या सुताराची लेझर टेप मागून आणली. बटण दाबलं, भिंतीवर लाल ठिपका, स्क्रीनवर २.९८१ मीटर. प्लॅनमध्ये होतं ३.०५.

बाबा म्हणाले, "ह्या खेळण्यावर विश्वास का ठेवायचा?" प्रश्न रास्त होता.

मला वाटायचं, प्रकाश जाऊन परत यायला लागलेला वेळ ती सरळ मोजत असेल. पण हिशेब करून बघा. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. २ मिलिमीटरची अचूकता हवी, तर जाऊन-येऊन ४ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम १३ पिकोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक टिकच ३३३ पिकोसेकंदांचा असतो!

म्हणून अशा बऱ्याच टेपा फेज मोजतात. लेझरचा उजेड सेकंदाला, समजा, १० कोटी वेळा कमी-जास्त करायचा. ही झाली १०० मेगाहर्ट्झची लहर, लांबी ३ मीटर. भिंतीवरून परतलेली लहर निघणाऱ्या लहरीच्या किती अंश मागे पडली, ते बघायचं. भिंत १.५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३ मीटर, म्हणजे पूर्ण ३६० अंश. एक अंश म्हणजे साधारण ४ मिलिमीटर. अर्धा अंश ओळखता आला की झालं.

पण अर्धा अंश म्हणजे पुन्हा १४ पिकोसेकंदच की! इथे खरी गंमत आहे. तानपुऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज संथ हेलकावे घेतो, ऐकलंय? तसंच, दोन्ही लहरी किंचित वेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या तिसऱ्या लहरीत मिसळतात. सेकंदाला ५ हजारच हेलकावे उरतात, पण त्यांच्यातला फेजचा फरक तोच राहतो. वेळ २० हजार पट ताणला जातो. १४ पिकोसेकंदांचे झाले पाव मायक्रोसेकंदाहून जरा जास्त. एवढं स्वस्त चिपलाही जमतं.

एक लोचा उरतो. ०.४ मीटर, १.९ मीटर, ३.४ मीटर, सगळ्यांची फेज सारखीच. नुसत्या मिनिटकाट्यावरून किती वाजले ते कळत नाही, तसं. मग तासकाटा म्हणून १० मेगाहर्ट्झची लहरही सोडतात. ती १५ मीटरपर्यंत गोंधळत नाही. ढोबळ आकडा तिचा, बारीक आकडा पहिलीचा.

(काचेवर मात्र नेम धरू नका. आमचा हॉल एकदा ११ मीटरचा निघाला, कारण ठिपका फ्रेंच विंडोतून समोरच्या बिल्डिंगवर गेला होता. मग काचेवर वही धरली.)

सगळ्या खोल्या मोजल्या, रेराच्या व्याख्येप्रमाणे आतल्या भिंतींची जाडीही धरली. आले ४०३. प्रत्येक मापात टेप २ मिलिमीटर चुकली असं मानलं, तरी घरभर मिळून एका चौरस फुटाच्या आतच चूक. म्हणजे ते ९ फूट खरोखरच कमी आहेत. पण महारेराच्या नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, आमच्यासाठी १२ फूट. तरी त्याच करारानुसार कमी निघालेल्या जागेचे जास्तीचे पैसे परत मिळायला हवेत.

बाबांनी आकडे वहीत लिहून ठेवलेत. आणि मजल्यावरची आणखी दोन घरं उद्या टेप मागायला येणार आहेत.